लाल झाकणाची नळी

"भूत पांढऱ्या कपड्यात असेल, तर मी झोपायला चालले, काका," पुतणी म्हणाली.

काका रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करायचे. वीज गेली होती, म्हणून सगळी भावंडं त्यांच्याभोवती गच्चीवर जमली होती.

"कपडे बघायचं भान त्याला होतं कुठे? आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय मला."

तो म्हणजे एका लॅबमधला रक्त घेणारा. कामाचा उरक दांडगा, म्हणून सगळे त्याला तुफान म्हणायचे. फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी, रात्री पावणेदोनला, त्याला लॅबच्या वॉचमनचा फोन आला. आत दिवा राहिलाय, मशीन चालू आहे, बंद करून जा. वॉचमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तुफाननं स्कूटर काढली. रस्ता मोकळा होता, हवा छान होती. दिवा घालवायचा आणि परत येऊन पडायचं, एवढंच काम.

"त्याच्या आधीचं सांगायला हवं," काका म्हणाले. "त्या रात्रीच्या दोन महिने आधी शिवणकाम करणारी एक बाई आली होती. चार दिवस उलट्या. डॉक्टरांना तिचं पोटॅशियम हवं होतं. जांभळ्या झाकणाची नळी भरली आणि शीर बसली, रक्त येईना. पोटॅशियमची लाल झाकणाची नळी रिकामीच. बाई म्हणाली, 'दादा, दुसऱ्या हातातून घ्या ना.' पण तुफानला घरी पळायचं होतं. जांभळीतलं थोडं रक्त त्यानं लालमध्ये ओतलं."

"मग काय झालं? रक्त तेच ना?"

"जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, आणि त्या औषधातच पोटॅशियम असतं. आकडा खोटाच वर गेला. उलट्यांनी तिचं खरं तर कमी झालेलं. दवाखान्यात ते आणखी उतरवलं. पहाटे तिचं हृदय थांबलं."

"आणि हा?"

"हा म्हणाला, बाई सारखी मूठ आवळत होती, सांगून ऐकेना. मुठीनंही आकडा वाढतो, म्हणून सगळ्यांना पटलं. नवरासुद्धा पोरीला सांगत सुटला, तुझी आई हट्टानं गेली."

"म्हणजे मारली यानं आणि हट्टी ती," पुतणी म्हणाली. आता ती उठायचं नाव घेत नव्हती.

लॅबचं कुलूप जागच्या जागी होतं. तुफाननं ते उघडलं. मशीन खरंच चालू होतं, सुई खाली-वर होत होती. नळी मात्र लावलेली नव्हती. त्यानं बटण दाबलं. मशीन थांबलं नाही. वायर ओढून काढली.

तरी थांबलं नाही.

रक्त घ्यायच्या खोलीत खुर्ची करकरली. कोणीतरी बसलं होतं. बाही वर सारलेली. हात पुढे केलेला.

"दादा… दुसऱ्या हातातून घ्या ना."

तो दाराकडे वळला. दाराशीही तीच.

मग खुर्चीत तो होता. कसा, ते त्याला सांगता येईना. दंडावर पट्टा आवळला. गार बोटं कोपरावर फिरली. शीर लगेच सापडली.

"मूठ आवळू नका हं," ती म्हणाली. "नाहीतर मागून सगळं तुमच्यावरच यायचं."

एक नळी भरली. बाहेर मशीन वाजलं. तिनं आकडा वाचला. दुसरी नळी. आकडा खाली. आणखी एक. आणखी खाली…

"सोड, बाई…"

"कशाला? अख्खी रात्र पडलीय अजून. मला घाई नाही."

सकाळी वॉचमनला तो खुर्चीत सापडला, जिवंत. दंडावर पट्टा, पण सुईची खूण कुठेच नाही.

"दवाखान्यात पोटॅशियमची बाटली लावली," काका म्हणाले. "जितकं चढवायचे, त्याहून आकडा खाली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. वर म्हणाला, काका, बाहेर बोलू नका, नोकरी जाईल. मी म्हटलं, अरे, जीव चाललाय, तिच्या नवऱ्याला बोलावतो, एकदा खरं बोल. त्यानं तोंड फिरवलं. पहाटे गेला. नवऱ्याला मग मीच गाठलं. पोरीला समोर बसवून सांगितलं."

पुतणी आणखी जवळ सरकली.

"त्या सकाळी मशीनच्या रॅकमध्ये एकच नळी मिळाली. लाल झाकणाची, काठोकाठ भरलेली. चिठ्ठीवर त्या बाईचं नाव. फेकायला कोणी धजत नाही, म्हणून फ्रीजमध्ये आहे. वर्ष झालं. परवा दुरुस्तीला गेलो होतो, तेव्हा हातात घेतली."

"मग?"

काका थोडा वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"कोमट आहे," ते म्हणाले. "आत्ताच काढल्यासारखी."