किल्ली ज्याच्या हातात

दोन्ही हातांत स्टूल, काखेत ओली छत्री आणि खिशात गुरगुरणारा फोन, अशा थाटात ती दुसरा मजला चढून कवळीवाल्याच्या दारात पोचली, आणि तिथेच तिच्या आठ वर्षांचं वाटोळं झालं.

स्टूल एका हातात सावरत तिनं फोन काढला होता. निरोप होता: आपल्या पानावर हिंसक दृश्य आढळल्यामुळे खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

हिंसक दृश्य म्हणजे एक सोफा. जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणं हा तिचा धंदा. आदल्या दिवशी तिनं एका म्हाताऱ्या सोफ्याचं पोट फाडून स्प्रिंगा बाहेर काढल्याचा फोटो टाकला होता, तो कुठल्याशा यंत्राला खून वाटला. आठ वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं गडप. दाद मागावी तर समोर माणूसच नाही. एक बटण दाबलं की त्यातून दुसरं बटण निघतं.

"कधी गेलं खातं?" तिच्या हातातल्या फोनकडे आणि तोंडाकडे पाहून कवळीवाल्यानं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? हे घ्या तुमचं स्टूल."

त्यानं स्टूल घेतलं, खाली ठेवलं आणि तिलाच त्यावर बसवलं. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणारा हा माणूस. भुवयांवर प्लास्टरची भुकटी, फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि त्या जबड्यांच्या मधोमध हिरवा दिवा लुकलुकणारी एक काळी पेटी. पाण्याचा पेला तिच्या हातात देत त्यानं सांगितलं, की हा सर्व्हर आहे, तो स्वतःच हौसेनं सांभाळतो आणि त्यावर तीनशे अकरा माणसं आपापली पानं उघडून नांदतात. अशा हजारो पेट्या आहेत. प्रत्येक पेटी म्हणजे एक घर, आणि घराघरांमधले रस्ते मोकळे. एका घरात राहून दुसऱ्या घरातल्याशी बोलता येतं. घर पटलं नाही तर सगळं सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. कोणी दार अडवत नाही.

नाइलाजानं ती तीनशे बारावी झाली. आणि मग सुरू झाली प्रश्नपत्रिका.

हा फोटो कोणी पाहावा, ओळखीच्यांनी की सगळ्यांनी? शोधणाऱ्याला सापडावा का? मागे गिऱ्हाइकाच्या घराची भिंत दिसतेय, त्यांना विचारलंत? तिला नुसती एक आरामखुर्ची दाखवायची असे, आणि हा लग्नाची बोलणी करायला बसल्यासारखा मुद्द्यावरून मुद्द्यावर जाई.

"तुम्हीच ठरवा ना एकदाचं," ती वैतागून म्हणाली.

"डेटा तुमचा आहे. मी कसा ठरवू?"

"घरीपण असंच विचारता? भाजीत मीठ कोणी घालायचं वगैरे?"

"घरी एकटाच असतो. विचारणार कोणाला?" तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल झाला.

खरं तर ही कामं फोनवर होण्यासारखी होती. तरी ती दर आठवड्याला दोन जिने चढून जायची. निघताना दोनदा केस विंचरायची आणि त्याचाही तिला राग यायचा. तो मात्र ढिम्म. पेला देताना बोटं लागली तर चटका बसल्यासारखा हात मागे घेई. एकदा पावसात तिच्या छत्रीतून कोपऱ्यापर्यंत आला, अर्धा खांदा भिजवत. कोपऱ्यावर थांबला. तिच्याकडे पाहिलं... अगदी पाहावं तसं पाहिलं.

"मला तुम्हाला... एक विचारायचं होतं."

"विचारा."

"तुम्ही — पासवर्ड बदललात ना?"

कपाळ. दुसरं काय.

घरी येऊन तिनं ताईला खाजगी निरोप लिहिला. तिची थोरली बहीण दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची आणि शिक्षकांनी मिळून चालवलेल्या सर्व्हरवर होती. 'ताई, हा माणूस म्हणजे डोक्याला ताप आहे. दोन दिवस दिसला नाही की ताप आणखी वाढतो. मला तो आवडतो गं.' निरोप गेला आणि तिला हलकं वाटलं.

ते दहा दिवस टिकलं. अकराव्या दिवशी ती एका खुर्चीच्या पाठीला टाके घालत होती, तेवढ्यात कवळीवाल्याची सर्वांना सूचना आली. 'नव्या सभासदांसाठी पुन्हा सांगतो. इथले खाजगी निरोप कुलूपबंद नाहीत. सर्व्हर ज्याच्या हातात आहे, त्याला ते उघडता येतात. मी उघडत नाही. पण उघडता येतात, हे तुम्हाला माहीत असायला हवं.'

सुई तिच्या अंगठ्यात घुसली. दहा दिवस तिचं मन त्या जबड्यांच्या फळीवर पडून होतं, त्याच्याच घरात, त्याच्याच किल्लीखाली.

दुपारी ती धाडधाड जिना चढली.

"माझे निरोप वाचलेत?"

"नाही."

"कशावरून?"

त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. निरोपांचं कपाट कोणी, कधी उघडलं याची तिथे नोंद राहायची. पान कोरं होतं. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला रडू आलं. आपण भांडायला आलोच नव्हतो, हे तिला तेव्हा कळलं. यानं चोरून वाचलं असावं आणि आपली सांगण्याची वेळ टळावी, एवढ्या आशेवर ती धावत आली होती. आणि या धर्मराजानं तीही सोय ठेवली नव्हती.

"मी जाते," ती म्हणाली. "ताईच्या सर्व्हरवर. सगळं हलवा तिकडे."

तो थांबवेल असं तिला वाटलं. निदान एकदा 'का' म्हणेल. त्यानं काय करावं? त्याचा चेहरा उजळला. "आत्ता लगेच?" म्हणत तो खुर्ची ओढून बसलासुद्धा. चार महिने एकेका फोटोला तासभर घालवणारा माणूस, आज त्याची बोटं नुसती पळत होती.

ती त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. बाहेर पाऊस बारीक झाला होता. आपल्याला घालवायची एवढी घाई? इतके नकोसे झालो होतो, तर छत्रीत कशाला शिरला होता मेला? त्याच्यासमोर रडायचं नाही म्हणून तिनं ओठ चावला.

"गेलं सगळं," तो म्हणाला. "तिकडे नीट पोचलंय, बघून घ्या. इथली प्रत पुसू?"

तिनं फोन पाहिला. खुर्च्या, निरोप, सगळं जागच्या जागी होतं. "पुसा."

त्यानं पुसलं. मग उभा राहिला, हात रुमालाला पुसले, तरी ते पांढरेच राहिले.

"म्हणजे आता तुमचं माझ्याकडे काहीच नाही."

"काही नाही. झालं समाधान?"

"मग आता बोलता येईल. तुम्ही मला आवडता. स्टूल घेऊन दारात उभ्या होतात ना... तेव्हापासून."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मग आजपर्यंत तोंडाला काय कुलूप होतं?"

"तुमचा धंदा, तुमचे निरोप, सगळं माझ्या किल्लीखाली होतं. अशा माणसानं विचारलं तर समोरच्याला मोकळेपणानं नाही म्हणता येत नाही. आज म्हणता येईल. खरंच. नाही म्हणालात तरी —"

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी इथले जिने झिजवले. ताईला पत्रं लिहिली. अंगठा फोडून घेतला. आणि तुम्ही नियम पाळत बसलात?"

"हो," तो म्हणाला, अपराध्यासारखा.

फळीवरचा एखादा जबडा उचलून त्याच्या डोक्यात घालावा, असं तिला मनापासून वाटलं. पण तो उभाच असा होता, हात लोंबकळत सोडून, कसलाही निकाल मान्य करायच्या तयारीनं. ती दोन पावलं पुढे गेली आणि तिनं त्याचे ते पांढरे हात धरले.

"मला राग येतो तुमचा. फार येतो. आणि तुम्हीच हवे आहात मला... कळलं?"

त्यानं नुसती मान हलवली. त्याचे डोळे भरून आले, आणि ते पाहून तिचा राग ओसरला. सगळा नाही. थोडा तिनं राखून ठेवला. या माणसाबरोबर जन्म काढायचा म्हणजे तो लागणारच होता.