मागे एक

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाई सायकलच्या दुकानात गेल्या आणि काउंटरवर कोपरं टेकून म्हणाल्या, "एकटीने जाण्यासारखी एखादी वाट सांगा. डोंगरातलीच हवी, पण हाडं शाबूत ठेवणारी."

दुकानदारीण चेनला तेल घालत होती. तिने फडक्याला हात पुसले आणि नकाशा समोर पसरला.

बाईंनी आपल्या अटी घरूनच पक्क्या करून आणल्या होत्या. वाट फिरून सुरुवातीलाच परत यावी, म्हणजे चुकायला नको. मध्ये एकदा तरी फोनला रेंज मिळावी. येणारं-जाणारं माणूस असावं, पडलोच तर कोणाच्या तरी नजरेस पडावं. शाळेच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं पुस्तकं लावलेली बाई सुट्टीवरसुद्धा यादी करूनच निघते.

"मग पाणटाकीची वाट," दुकानदारीण पेन्सिलीने गोल काढत म्हणाली. "नऊ किलोमीटर. आधी चढ, मग उतार. टाकीपाशी रेंज येते. फक्त अरुंद आहे. समोरून कोणी आलं की..."

"मागे किती आहेत ते बोटांनी दाखवायचं. कोणी नसेल तर मूठ," बाई हसल्या. "बावीस वर्षं चालवतेय मी."

"मग काय सांगायचं तुम्हाला." नकाशाची घडी घालता घालता ती जरा थांबली. "असतील तेवढेच सांगा, एवढंच. इथे लोक शब्दावर थांबून राहतात."

बावीस वर्षं म्हणजे लग्नाइतकीच. बाई पुढे आणि मास्तर मागे, असं ते ठरूनच गेलेलं. मास्तर त्याच शाळेत गणित शिकवायचे. मागून त्यांचं 'गिअर बदल', 'डावीकडे दगड' चालू असायचं आणि बाई 'दिसतोय हो मला' म्हणत पुढे जायच्या. पाच महिन्यांपूर्वी मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांची सायकल कायमची बंद केली. तेव्हापासून बाईंचीही सायकल चादरीखाली उभी होती. या सुट्टीत एकटीने जमलं नाही तर ती विकून टाकायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मास्तरांना त्या बोलल्या नव्हत्या. पण संसारात न सांगितलेलंच आधी कळतं.

"जा तू," भाड्याच्या बंगलीच्या फाटकाशी काठी टेकून मास्तर म्हणाले. "साडेबारापर्यंत आली नाहीस तर मी लंगडत शोधायला येईन. मग आपल्या दोघांना उचलायला तिसरा लागेल."

"तुम्ही फक्त भाताखालचा गॅस बंद करा वेळेवर. तेवढं केलंत तरी उपकार."

वाट खरोखर छान होती. रात्री पाऊस पडून गेलेला, माती ओली आणि घट्ट. दोन्ही बाजूंना उंच झाडं, त्यांच्यातून ऊन चिंध्याचिंध्यांनी खाली उतरत होतं. पहिल्या किलोमीटरभर बाईंचे खांदे ताठ होते. मग हात सैल पडले, श्वास लयीत आला आणि त्यांना वाटलं, जमतंय की. यात एवढं घाबरण्यासारखं होतं काय?

एका वळणावर समोरून दोन मुली आल्या, कॉलेजात जाणाऱ्या असाव्यात. दोघी चटकन उतरल्या आणि सायकली कडेला घेऊन उभ्या राहिल्या.

"थँक्यू गं," बाई म्हणाल्या. जाता जाता त्यांचं एक बोट आपसूक वर गेलं. "मागे एक आहे."

वळण पार केल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि हसूच फुटलं. बावीस वर्षांची जीभ ती, पाच महिन्यांत थोडीच वळणार. त्यांनी मागे पाहिलं. झाडांच्या फटीतून मुली दिसत होत्या. अजून तशाच कडेला उभ्या. ओरडून सांगावं असं बाईंना वाटलं, पण लाज वाटली. थांबतील थोडा वेळ आणि जातील, असं म्हणून त्या पुढे निघाल्या.

पुन्हा मागे पाहिलं तेव्हा मुलींपैकी एक मान लववून कोणाला तरी जायला वाट देत होती.

वाट रिकामी होती.

चढ लागला तसा बाईंना तो आवाज ऐकू आला. टिक टिक टिक टिक... पेडल न मारता सायकल नुसती घरंगळली की मागचं चाक करतं तो. मास्तरांच्या सायकलचा तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. हा त्यांचा नव्हता. हा कोरडा होता, वर्षानुवर्षं तेल न मिळालेल्या चाकाचा. बाई थांबल्या. आवाजही थांबला. त्या निघाल्या, की आवाज निघाला.

माणूस घाबरलं की आधी कारण शोधतं. बाईंनी स्वतःच्या सायकलची चेन पाहिली, चाक उचलून फिरवलं. सगळं ठीक होतं. मागून कोणी येत असेल, वाट काही आपल्या नावावर नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आणि मग एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या चढावर होत्या. पेडल मारून मांड्या भरून आल्या होत्या. अशा चढावर पेडल न मारता, नुसती घरंगळत, वर कोण येईल?

मानेला गार वारा लागला. त्याला ओल्या गंजाचा वास होता.

पुढे वाट दुरुस्त करणारा म्हातारा फावड्याने पाण्याची चारी उकरत होता. बाईंना पाहून त्याने ढकलगाडी बाजूला ओढली. या वेळी बाईंनी नीट मूठ दाखवली. "मागे कोणी नाही, काका."

म्हाताऱ्याने मान हलवली, पण ढकलगाडी जागची हलवली नाही.

"अहो, मी शेवटची."

"हो... तेवढं यांना जाऊ दे." त्याची नजर बाईंच्या खांद्यामागे होती, सायकलवरच्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. मग ती बाईंवर आली. "ताई, वाटेत कोणाला सांगितलंत का, मागे एक आहे म्हणून?"

"सवयीने गेलं तोंडातून. नवरा असायचा मागे."

"तरीच." म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "काही करत नाही हो. कोणी बरोबर घेतलं तरच येतं... नेटाने पुढे जा. पडू नका मात्र."

"पडले तर?"

म्हातारा खाली वाकला आणि चारी उकरू लागला.

टाकीपर्यंतचा उरलेला चढ बाईंनी कसा काढला, ते त्यांचं त्यांनाच माहीत. पाय तेवढे पेडलवरून सुटू दिले नाहीत. टाकीच्या सपाटीवर पोचून त्यांनी फोन पाहिला. रेंज होती. मास्तरांना बोलवावं? त्या गुडघ्याने? आणि एकदा बोलावलं की सायकल विकलीच म्हणायची. मागे चाक हळूहळू टिकटिकत होतं. टिक... टिक... कोणाचा तरी धीर सुटत चालल्यासारखं.

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. मागचा माणूस पाठ सोडत नसेल तर काय करायचं, हे तर त्यांना बावीस वर्षं माहीत होतं. त्या उतरल्या, सायकल कडेला घेतली आणि टाकीच्या भिंतीकडे तोंड करून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "या, तुम्ही व्हा पुढे."

आवाज जवळ आला. कोपराला काहीतरी ओलं, गार, कापडासारखं चाटून गेलं. मग टिकटिक पुढे गेली, उताराला लागली आणि झाडांत विरली. बाईंनी शंभरपर्यंत आकडे मोजले. वळून पाहिलं तेव्हा पुढच्या चिखलात एकाच चाकाची बारीक, सरळ रेघ उमटलेली होती.

उतारावरून त्या अशा आल्या, जशा वयाच्या तिशीतही आल्या नव्हत्या. दगड दिसत होते, वळणं हाताखाली येत होती, मागे कोणी नव्हतं आणि कोणी लागतही नव्हतं. 'नाही विकायची,' त्या मोठ्याने म्हणाल्या. डांबरी रस्त्यावर आल्या तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मास्तर फाटक उघडं धरून उभे होते.

"दहा मिनिटं आधी," बाई धापा टाकत म्हणाल्या. "बोला आता."

"मला माहीतच होतं, म्हणून तर फाटक धरून उभा आहे. तुझ्या पुढची ती बाई सांगून गेली ना. एक बोट दाखवून म्हणाली, मागे एक आहे."

बाईंनी सायकल सावकाश भिंतीला टेकवली. "कुठे गेली ती?"

"आत. मला वाटलं, तुझ्या ओळखीची. हात धुवायचे असतील, चिखलाने माखले होते." मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "अगं, काय झालं?"

उघड्या दारातून स्वयंपाकघराची फरशी दिसत होती. दारापासून आतपर्यंत चिखलाची एक बारीक, सरळ रेघ. बाहेर येणारी रेघ नव्हती. आतून, भाताच्या वासातून, ओला गंज आला.

"आपण बाहेर जेवू," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी जराही हलू दिला नाही. "काठी घ्या. आणि मागे नाही चालायचं आज, माझ्या शेजारी चाला."

"भात झालाय गं..."

"असू दे."

त्यांनी मास्तरांचा हात घट्ट धरला, फाटकाची कडी स्वतःच्या हाताने लावली आणि ओढून पाहिली. दोघं गल्लीतून जोडीने चालू लागले. कोपऱ्यावर सकाळच्या त्या दोन मुली सायकलवरून येत होत्या. गल्ली अरुंद. मुली उतरल्या आणि कडेला झाल्या.

बाईंनी हात उंच करून मूठ दाखवली. "मागे कोणी नाही."

"हो काकू," एक मुलगी हसून म्हणाली.

दोघं त्यांच्यासमोरून पुढे गेले. दहा पावलांवर मास्तरांनी मागे वळून पाहिलं.

"चांगल्या वळणाच्या आहेत मुली," ते म्हणाले. "अजून थांबल्यात."