उसना कोट

“मी काय शेळी आहे का, दावं धरून ओढायला?” रतनने दगडी पायरीवर फतकल मारली.

“अगं, वर एवढा किल्ला आहे. बंद होईल तो.”

“होऊ दे. सिंहगडावर कधी नेलं नाहीत, आणि इथल्या किल्ल्याची एवढी घाई? आपण सुट्टीवर आलोय, हजेरी लावायला नाही. फॅक्टरीचा भोंगा वाजला का कुठं?”

“लोक विचारतील, प्रागला जाऊन किल्ला नाही पाहिलात?”

“सांगा, बायको दमली होती. का त्याचीही लाज वाटते?”

असं ते भांडण, परक्या गावात, भर पायऱ्यांवर. मग रतन एकच वाक्य बोलली. भांडण तिथं संपलं. ते वाक्य दशरथने पुढे कितीतरी दिवस कुणालाच सांगितलं नाही. पोटच्या लेकीलाही नाही.

श्यामकाका ही हकिकत सांगतात ती गच्चीवर, अंधार पडल्यावर, आणि पोरांना आधी मोबाइल पालथे ठेवायला लावून. ऐकीव नाही म्हणतात. शेवट त्यांच्याच दारात घडला.

दशरथ ओव्हाळ आणि श्यामकाका खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये होते. दशरथने जन्मात फिरायला म्हणून रजा काढली नाही. निवृत्त झाल्यावर अक्षताने, म्हणजे लेकीने, आईबापांना हट्टाने प्रागला धाडलं. पहिले दिवस सुखाचे गेले. ट्राममध्ये बसायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उगीच. नदीवर हंसांना पाव टाकायचा. चौकातल्या जुन्या घड्याळातून तासातासाला बाहुल्या निघत, त्या बघायला रतन पुन्हा पुन्हा जाऊन उभी राही. तिला एवढं पुरे होतं. दशरथला पुरेना. रिकामं बसलं की त्याच्या अंगाला मुंग्या येत.

शिवाय त्याची चालायची रीत. तो पुढे, बायको मागे. लग्न झाल्या दिवसापासून. कितीतरी बायकांचा जन्म असा मागून चालण्यात गेलाय, आणि पुढच्याला वाटतं आपण वाट दाखवतोय!

तर त्या दिवशी तो एकटाच वर गेला. किल्ला पाहिला, फोटो काढले. खाली आला तेव्हा रतन त्याच पायरीवर होती. भिंतीला डोकं टेकलेलं, पर्स मांडीवर. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारीला डुलकी लागली.

डुलकी नव्हती.

अस्थी घेऊन तो पुण्यात परतला. विहारात पुण्यानुमोदन झालं. त्याच्या बापाने दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. घरात पिंड, कावळा, भूत हे शब्द काढायची सोय नव्हती. सगळं नीट, शांत झालं. फक्त अक्षता दर रविवारी हडपसरहून यायची आणि विचारायची, “बाबा, आई शेवटी काय म्हणाली?”

“काही नाही. दमले म्हणाली.”

“रागावली होती का तुमच्यावर?”

दशरथ उठून गॅसवर चहा ठेवायचा. लेकीला काय सांगणार? त्याचं त्यालाच कळत नव्हतं. ते वाक्य रागाचं होतं की मायेचं? रात्र रात्र तो तेच उलटंपालटं करी.

आणि मग डिसेंबरातली पौर्णिमा. शनिवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. श्यामकाकांच्या हेमाकाकूंचा फोन आला. “भाऊजी, पहाटे निघतोय दिल्लीला. तिकडं थंडी फार म्हणतात. तो माझा कोट...” आणि त्यांनी जीभ चावली. “नाही, राहू द्या. शाल घेते.”

“आणतो,” दशरथ म्हणाला.

कोट हेमाकाकूंचा. रतन प्रागला उसना घेऊन गेली होती, आणि पायरीवर तिच्या अंगात तोच होता. तेव्हापासून दाराच्या मागे टांगलेला. दशरथने तो काढला, नाकाशी धरला. मग खिसे उलटे करून झटकले, घडी केली आणि निघाला.

उसनी वस्तू कधी रिकामी परत करायची नाही, हा रतनचा दंडक. शेजारचा डबा आला तर त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. दशरथच्या ते ध्यानातही आलं नाही. पुरुषांच्या कधी आलंय?

कारखान्याच्या लांब भिंतीकडेचा रस्ता. वर पौर्णिमेचा चंद्र, खाली झाडांची काळी सावली. एकही रिक्षा नाही. कुत्रीही गप्प.

अर्ध्या वाटेवर मागून पाऊल वाजलं.

चप्प. चप्प.

रात्रपाळीचा कुणी असेल, म्हणून तो चालत राहिला. पण ते बूट ओळखीचे होते. प्रवासासाठी घेतलेले, टाचेला जरा मोठे. दर पावलाला असेच वाजायचे.

तो थांबला. पाऊल थांबलं.

“कोण आहे?”

तो निघाला. तेही निघालं. तेवढ्याच अंतराने. जवळ नाही. लांब नाही.

पळावं वाटलं. पाय उचललाही. आणि मागून धाप ऐकू आली. बाईमाणसाची. चढावर लागते तशी.

इथं सपाट रस्ता होता.

दशरथ पळाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चाल कमी केली. आणखी कमी. मागची धाप हळूहळू बसली.

“रतन... दमलीस?”

पुढे नाल्यावरचा कठडा होता. तो त्यावर बसला. शेजारी एका माणसाची जागा सोडून. समोर रस्त्याकडे बघत. मान वळवली नाही. कोट मांडीवर.

कोट गरम होत गेला.

किती वेळ बसला, कुणास ठाऊक. डोळे पुसून उठला तेव्हा मागे काही वाजत नव्हतं.

श्यामकाकांनी दार उघडलं. हेमाकाकूंनी कोट हातात घेतला आणि दचकल्या. “अगंबाई, खिशात काय आहे हे? चटका बसतोय!”

कागदाचा एक पुडा निघाला. त्यात तपकिरी, चिरा पडलेली फळं. साल करपलेली, आतून वाफ येतेय. शिंगाड्यासारखा वास. असली फळं खडकीत काय, साऱ्या पुण्यात कुणी भाजत नाही. पुड्यावरची अक्षरंही आपली नव्हती.

दशरथ उंबऱ्यातच खाली बसला. “तिथं पायऱ्यांच्या तळाशी एक जण कोळशावर भाजायचा. घेऊ या का, म्हणाली होती. मी म्हटलं, उतरताना.”

मग वाटेत मागून आलेल्या पावलांचंही त्याने सांगून टाकलं.

“दशरथ,” श्यामकाकांनी हळूच विचारलं, “एवढा वेळ मागे कुणी होतं, आणि तू वळून बघितलं नाहीस?”

“नाही.”

“का रे?”

तो त्या पुड्याकडे बघत राहिला. मग रतनचं ते वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर उच्चारलं. पायरीवर बसल्या बसल्या, धाप जिरवत, ती म्हणाली होती:

“व्हा हो तुम्ही पुढे, आणि वळून बघत बसू नका, तुमची पाठ मला कुठूनही ओळखता येते.”