काचेपलीकडचा आवाज

फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझं ओळखपत्र चुकून रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या तरुणाच्या गळ्यात अडकवलं आणि त्याचं माझ्या हातात दिलं. आमची ओळख झाली ती अशी.

"फोटोत तुम्ही जास्त रागीट दिसता," तो म्हणाला.

"फोटोत तुम्ही जास्त हुशार दिसता," मी म्हणाले.

तो सरकारच्या सायबर सुरक्षा विभागातला. मी शहराचं पाणी शुद्ध करणाऱ्या खासगी कंपनीत, नियंत्रण कक्षाची अभियंता. आमच्या यंत्रणेत कुणीतरी बाहेरून डोकावतंय असा संशय होता, म्हणून सरकार आणि कंपनीने मिळून सहा आठवडे शोध घ्यायचं ठरवलं होतं. मी त्याला 'सरकार' म्हणू लागले, तो मला 'कंपनी'. आम्ही दोघं जेवायला निघालो की सहकारी हळूच म्हणत, "निघालं बघा कंपनी सरकार!"

तो फार जपून बोलायचा. चहा पुढे करतानाही, "घेता ना... म्हणजे, हवा असेल तर." मला त्या अडखळण्याची सवय झाली. सवय कसली... ओढच.

चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"ऐकतेस ना?" त्याचा आवाज. पहिल्यांदाच 'तू'... "किती दिवस सांगीन म्हणतोय. आवडतेस तू मला. आणि... एक करशील? क्लोरीनच्या यंत्रणेचं कुलूप दहा मिनिटं उघड. तपासणी करायचीय."

माझा हात कळफलकाकडे गेलासुद्धा. लाजत मी मान वर केली.

काचेपलीकडे तो बसला होता. सफरचंद सोलत. ओठ मिटलेले.

आणि माझ्या कानात तो बोलतच होता... "घाबरू नकोस, कंपनी. मी आहे ना."

फोन न ठेवता मी "हो... हो..." करत राहिले आणि काचेवर टकटक केलं. तो आला. रिसीव्हर मी दोघांच्या कानांमधे धरला. स्वतःचाच आवाज ऐकताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कागद ओढून लिहिलं – बोलत राहा.

अकरा मिनिटं मी त्या आवाजाशी लाडीगोडीने बोलले. तेवढ्यात त्याच्या विभागातल्या माणसांनी माग काढला. आमच्या बैठकीच्या खोलीतल्या स्पीकरफोनमधून जवळजवळ महिनाभर कुणीतरी आम्हाला ऐकत होतं, आणि त्यावरूनच त्याचा हुबेहूब आवाज संगणकावर बनवला होता. आमच्या थट्टा, आमचं मधेच गप्प होणंसुद्धा ऐकलं होतं. आमच्या मनातलं आमच्याआधी त्या ऐकणाऱ्यालाच कळलं होतं.

"हे बाहेर जाता कामा नये," आमचे साहेब म्हणाले. "कंपनीचं नाव खराब होईल."

"साहेब, उद्या असाच फोन दुसऱ्या शहरात कुणाला तरी येईल. त्यांना आधी कळायला हवं."

साहेबांनी अहवालाचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिहा."

संध्याकाळी आम्ही त्याच बैठकीच्या खोलीत अहवाल तपासायला बसलो. फोनवरचा शब्दन् शब्द त्यात नोंदवलेला. एका वाक्यापाशी त्याचं पेन अडलं.

"हे... वगळायचं का?"

"पुरावा आहे. वगळता येत नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पेन घुटमळलं... मग समासात त्याने बारीक अक्षरात लिहिलं – 'आवाज बनावट. मजकूर खरा.'

पण त्या खोलीत उत्तर द्यायला माझी जीभ रेटेना. स्पीकरफोन उपटून नेला होता; टेबलाच्या मधोमध नुसतं वायरचं भोक उरलं होतं, आणि तेही कान देऊन बसल्यासारखं वाटत होतं. मी दोघांचे फोन तिथेच ठेवले, त्याची बाही धरली आणि त्याला टाक्यांपाशी घेऊन गेले. तिथे पाणी इतकं कोसळत होतं की माझंच बोलणं मला ऐकू येईना.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं.

"काय?" तो ओरडला.

मी पुन्हा सांगितलं, अजून जवळ जाऊन.

"मघाशीच ऐकू आलं होतं!" तो हसला. "पण... तू पुन्हा सांगावंस, म्हणून..."