बाबांनी घेतलेला बॅकअप

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. कुणाला पटवत बसायचं त्राण माझ्यात नाही. पण यात तिखटमीठ अजिबात लावलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. गेल्या सोमवारची, आमच्याच घरातल्या मागच्या खोलीतली.

माझी आई अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचून रेकॉर्ड करायची. खिडकीला ब्लँकेट लावायचं, पंखा बंद करायचा आणि जुन्या कॉम्प्युटरसमोर बसायचं. चुकली की म्हणायची, "थांबा, परत घेते."

आई गेली. ती शाळाही बंद पडली. तिचा आवाज उरला तो फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये.

बाबा रोज जेवण झालं की एक धडा ऐकायचे. तेवढ्यावरच ते तग धरून होते.

कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. नवीन सिस्टीम टाकायचं आम्ही वर्षानुवर्षं टाळलं होतं. शेवटी रविवारी रिपेअरवाला आला.

"काका, आतलं सगळं पुसलं जाईल. बॅकअप घेतलाय ना?"

"एक नाही, दोन पेनड्राइव्हवर," बाबा म्हणाले. ताकही फुंकून पिणारा माणूस.

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलंत?"

"अरे, जन्मभर एक्स-रे काढले मी. मला साधं कॉपी करता येत नाही होय?"

त्याने पुसलं.

संध्याकाळी मी सहज एक पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला... एकही धडा उघडेना. दुसरा लावला. तेच.

बाबांनी स्क्रीनवरचे आयकॉन कॉपी केले होते. कोपऱ्यात छोटा बाण असलेले. म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी जपून आणली, घर तिथेच राहिलं. आणि ते घर आता पाडून झालं होतं.

मी रिपेअरवाल्याला फोन केला. "ताई, आता काही हाती लागणार नाही," तो म्हणाला.

बाबांना सांगायचा धीर झाला नाही.

सोमवारी दुपारी ते खोलीत गेले. पेनड्राइव्ह लावला. मी चौकट धरून उभी. माऊसची टकटक आली...

आणि आई वाचायला लागली.

तोच आवाज. मधूनच पान उलटणं. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

मग बेल वाजली.

चिमण्यांसारखी चिवचिवणारी, आमची बेल. ती आम्ही गेल्या महिन्यात बसवली... आई असताना जुनी टिंगटाँग होती.

बेलचा डबा माझ्या डोक्यावरच आहे. तो गप्प होता. आवाज स्पीकरमधून आला होता.

आई वाचायची थांबली. "बघा हो, कोण आलंय."

बाबा निमूट उठले. जाऊन दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. ते परत येऊन बसेपर्यंत स्पीकर शांत राहिला...

"थांबा, परत घेते," आई म्हणाली.

मी फोनवर हे सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्यात बाबांचा खोकला आहे आणि दाराची करकर आहे. आई नाही.

"बाबा, ते धडे राहिलेलेच नाहीत हो," शेवटी मी सांगून टाकलं.

"माहितीये गं," ते शांतपणे म्हणाले. "हा धडा मी आधी कधी ऐकलाच नव्हता."

काल पेनड्राइव्हवर एक नवीन आयकॉन दिसला. कोपऱ्यात बाण. नाव... 'अहो'.

आई बाबांना जन्मभर एवढीच हाक मारायची.

मी तो उडवला. परत आला. पुन्हा उडवला, पुन्हा आला. शेवटी पेनड्राइव्हच नाल्यात टाकून आले.

पण बाबांनी बॅकअप दोन घेतले होते.

आज त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. जेवताना म्हणाले, "आज मला हाक मारू नकोस हं. मध्ये आवाज झाला की तिला परत घ्यावं लागतं."

आत जाऊन त्यांनी खिडकीला ब्लँकेट लावलं. पंखा बंद केला. कडी घातली.

माऊसची टकटक आली... मग काहीच नाही. खोकलासुद्धा नाही.

माझ्याने राहवेना. मी दार वाजवलं.

"बघा हो, कोण आलंय," आतून आई म्हणाली.

"आलो, आलो," बाबा म्हणाले.

पण तो आवाज खुर्चीकडून आला नाही. तोही स्पीकरमधून आला.

मी शेजाऱ्यांना बोलावलंय. ते येईपर्यंत दारात बसून हे लिहितेय. कडी अजून निघालेली नाही.