खडीवरची चार अंडी

ट्रॅक्टरभर खडी अंगणात ओतली गेली, तिच्याखाली एकदांडीची पिवळी फुलं दिसेनाशी झाली, आणि निरुपमाताई हसऱ्या चेहऱ्याने मजुरांना पाणी द्यायला उठल्या... हसू इतकं छान जमलं की कुणाला काही कळलंच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे एक काम त्यांना फार चांगलं येत होतं!

बडोद्याच्या समा भागातल्या घरापुढचा तो तुकडा म्हणजे त्यांचा जीव. मोगरा, जास्वंद, कुणी न लावता उगवलेली विष्णुक्रांता. सकाळी दयाळाची शीळ, दुपारी जास्वंदीला लोंबकळणारा शिंजीर. तिथे आता फरशी बसणार होती आणि सून अवंतीची गाडी उभी राहणार होती. मुलाने, नीलने, विचारलं नव्हतं असं नाही. पण ताई म्हणाल्या होत्या की माझं काय, तुमच्या सोयीचं बघा... त्या एका वाक्यात त्यांनी काळीज काढून दिलं होतं, आणि मुलाने ते मान डोलावून घेतलंही होतं!

मिस्त्री लग्नसराईत गावी गेला, काम आठवडाभर रखडलं. आठव्या दिवशी पाहतात तर खडीच्या ढिगावर टिटवी, आणि तिच्या पोटाखाली खडीच्याच रंगाची चार अंडी.

अवंती जरा चरकली. तिच्या माहेरी टिटवीचं ओरडणं अशुभ मानत. पण शेजारच्या हंसाबेन धावत आल्या, मागोमाग निम्मी सोसायटी. टिटोडीने, म्हणजे टिटवीने, उंचावर अंडी घातली की पाऊस जोरदार, आणि चार अंडी म्हणजे चार महिने, अशी इथली समजूत. ढीग हलवायचा नाही, हे हंसाबेननी परस्पर ठरवून मिस्त्रीला फोनही करून टाकला. बडोद्यात टिटोडीपुढे मिस्त्रीचं काय चालणार?

मग महिनाभर अंगण ओलांडून कुणाला जाता येईना. टिटवी अंगावर यायची. संध्याकाळी कामावरून आलेली अवंती मागच्या दाराने शिरून पुढच्या ओट्यावर ताईंशेजारी बसू लागली. ऊन तापलं की नर-मादी पाळीपाळीने नळाखालच्या डबक्यात पोट भिजवून येत आणि अंडी गार करत. आता तुझी पाळी, हे एकमेकांना कसं कळवतात, असं अवंतीने विचारलं.

"ओरडून. आपल्यासारखं नाही," ताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

त्या हसण्यातच अवंती बोलून गेली. गाडी आत घ्यायची ती त्यांच्यासाठी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायामाला न्यायचं तर सोसायटीच्या फाटकापर्यंत उन्हात चालावं लागे, आणि लंगडत जाणारी आई नीलला बघवत नव्हती. तिची गाडी काय, बाहेर कडुलिंबाखाली मजेत होती. आणि ताईच तर म्हणाल्या होत्या, तुमच्या सोयीचं बघा... दोघांना वाटलं, झाडांना पाणी घालून आई थकली.

निरुपमाताईंच्या डोळ्यांसमोरचं अंगण पाण्याने डबडबलं. ज्या गाडीवर त्या मनातल्या मनात महिनाभर रुसल्या होत्या, ती गाडी त्यांच्याच गुडघ्यासाठी! नील चहाचे कप घेऊन आला तो आईला रडताना पाहून दारातच थबकला.

"मला बाग हवी आहे," त्या म्हणाल्या. आवाज इतका अनोळखी होता की त्यांनाच नवल वाटलं.

"मग तेव्हा का नाही बोललीस, आई?"

"तू ठरवून विचारलंस रे."

नील पायरीवर बसला. "हो. ठरवूनच विचारलं. चुकलं माझं." त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मे सरता सरता चारही पिल्लं लांब पायांवर लटपटत शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये निघून गेली. खडीची ओट्यापासून अंगणाच्या फाटकापर्यंत सपाट पायवाट झाली, ताईंना तिथे येणाऱ्या गाडीपर्यंत चालण्यापुरती. बाकी माती नीलने रविवारी स्वतः खणली आणि घाम पुसत विचारलं, "इथे कोपऱ्यात गुलाब लावूया?"

"नको," निरुपमाताई म्हणाल्या. "मला गुलाब कधीच आवडला नाही."

दर वाढदिवसाला नील त्यांना गुलाबच आणत आला होता.

"अजून काय काय आवडत नाही, आई?" अवंतीने हसू दाबत विचारलं, आणि निरुपमाताई पदर खोचून, ऐसपैस बसून, सांगू लागल्या.