खाजणातला नेचा

१९८४ च्या जानेवारीत उत्तरा आमच्या पाड्यावर आली ती एका झाडासाठी. ती कॉलेजात वनस्पतींचा विषय शिकवायची. भांडुपच्या मिठागरांपलीकडच्या खाजणात भराव पडणार होता, आणि त्याआधी तिथल्या झाडांची यादी तिला करायची होती. भरतीत वाहून आलेल्या एका फाटक्या पानावरून तिने यादीत ‘नेचा’ लिहिलं. यादीवर सही करणारे तिचे सर हसले. “खाऱ्या चिखलात नेचा? रोप दाखव, नाहीतर नाव खोड.” हातात आठ दिवस होते.

होडी माझा दीर लहू याची. वाट माझी, तीस वर्षं मी तिथं चिंबोऱ्या धरत होते. पुनवेचा दिवस मीच धरला. उधाणाच्या भरतीत होडी खाजणात खोलवर जाते.

सकाळी आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना तिवराची झुडपं, त्यांच्यामधून वर आलेली चिखलातली मुळं, आणि पाण्यावर बगळ्यांच्या सावल्या. उत्तरा बोलत होती.

“मावशी, बाजारात तुम्ही म्हावरं निवडता ना, खवल्यांचं वेगळं, कवचाचं वेगळं? तसंच हे. पाण्यातल्या शेवाळाला मूळ, खोड, पान काहीच वेगळं नसतं. पावसात भिंतीवर चढते त्या मखमलीला इवलीशी पानं असतात, पण अंगात पाणी वर नेणाऱ्या नळ्या नसतात. नेच्याला नळ्या असतात, पण फूल नाही, बी नाही. देवदाराला बी असतं, पण उघडं. आणि तिवर, आंबा, गवत ही सगळी फुलांची. त्यांचं बी फळात झाकलेलं.”

“आमच्यात दोनच जाती गो,” मी म्हटलं. “चुलीत जळणारी आणि न जळणारी.”

“तिसरी पण हाय,” लहू वल्हं मारत म्हणाला. “वहिनीच्या डोक्यासारखी. भिजत नाय, जळत नाय!”

तेवढ्यात उत्तराने डावीकडे बोट केलं. लांब, शंभरेक पावलांवर, पिसांसारखी उंच पानं दिसत होती.

“शिंदीची पोरं ती,” मी मानसुद्धा वळवली नाही. “पुढं चल, लहू.”

पुढच्या वळणावर होडी धाडकन आदळली. भरावाचे दगड! माझ्या ओळखीच्या वाटेत कुणीतरी गाडीभर दगड ओतून ठेवले होते. तळाची फळी फुटली. पाणी आत आलं.

“वाट लागली!” लहू ओरडला. “उतरा! उतरा!”

आम्ही गुडघाभर चिखलात उभे राहिलो. पाणी मांडीला लागलं. मिठागराचा बांध दूर होता. आसपासची तिवरं लोकांनी जळणासाठी तोडलेली, नुसते खुंट उरलेले. उत्तराला पोहता येत नव्हतं. भरती अजून चढत होती. वाट मीच दाखवली होती.

“तिकडं मोठं तिवर हाय, त्याला धरू,” लहू म्हणाला. पण मधे खोल पाणी होतं.

वारा सुटला. डावीकडची ती पानं उलटी झाली. टोकाकडच्या पानांची खालची बाजू तांबूस, गंज चढल्यासारखी.

“मावशी, ती शिंदी नाही!” उत्तरा किंचाळली. “तो नेचा आहे! त्याला बी नाही, ती तांबूस धूळच रुजून तो उगवतो. ती रुजायला गोडं पाणी लागतं. रोज खारं पाणी चढतं तिथं नेचा उगवणारच नाही. ती जागा उंच आहे!”

लहूने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी त्या पानांजवळून शिंदी समजून जात होते.

“तिच्या मागं चल,” मी म्हटलं.

लहूने होडीची फुटकी फळी उपटून घेतली. ती चिखलावर दाबायची. पाय द्यायचा. फळी उपसायची. पुन्हा दाबायची! पाणी कमरेला आलं. उत्तरा घसरली. लहूने तिला वेणी धरून वर ओढलं. पाणी छातीला! मग अचानक पायाखाली घट्ट जमीन लागली.

एवढासा उंचवटा, त्यावर माणसाएवढ्या पानांचं एकच बेट. आम्ही त्याला बिलगून उभे राहिलो. पाणी घोट्यापर्यंत चढलं. तिथं थांबलं. मग ते उतरायला लागलं.

उत्तराने पिशवीतून सुरा काढला, खाली बसली आणि मुळं चाचपू लागली. उंचवट्याची कड भरतीने ढासळली होती. जिथं मुळं होती तिथलीच माती शिल्लक होती. तिने सुरा परत ठेवला आणि तांबूस धुळीचं एकच पान तोडलं.

“सरांना रोप पाहिजे ना?” मी विचारलं.

“हे उपटलं तर इथं काहीच राहणार नाही, मावशी. त्यांना रोप बघायचंय तर त्यांनीच यावं.”

कॉलेजात पान पाहून सरांनी नकाराची मान हलवली. पान कुठलंही असू शकतं, म्हणाले. चार दिवसांनी ते खरंच आले, पँट दुमडून, तोंड वाकडं करून. लहूने दुरुस्त केलेली होडी उंचवट्याजवळ लावली. सरांनी भलतीकडे पाय टाकला आणि मांडीपर्यंत रुतले.

“सर, तिथं नको!” लहूने हात पुढे केला. “नेच्याकडं या. तिकडं जमीन हाय.”

सरांनी दोन्ही हातांनी नेच्याच्या पानांचा जुडगा धरला आणि वर आले. हातावरची तांबूस धूळ त्यांनी कितीतरी वेळ पाहिली. मग चिखलाच्या हातानेच उत्तराकडे यादी मागितली, आणि सही केली.